माठ + सुरई = नवी फुलदाणी

नमस्कार मंडळी! माझ्या डाव्या हाताला माठ, उजव्या हाताला सुरई. दोन्ही इथलीच, नागपूरची. उन्हाळा लागला की रस्त्याच्या कडेला ढीग लागतात ना, त्यातून निवडलेली. मधली फुलदाणी मात्र कुठल्याही चाकावर फिरलेली नाही. ती मी ब्लेंडर या संगणकावर थ्रीडी आकार घडवायच्या सॉफ्टवेअरमध्ये या दोघांपासून काढली आणि थ्रीडी प्रिंटरवर छापली. ब्लेंडर फुकट मिळतं, बरं का.

चाकावरचं भांडं गोल असतं, म्हणून त्याची एका बाजूची कड पुरते. बुडापासून काठापर्यंत एक रेघ काढायची, ती मधल्या अक्षाभोवती ३६० अंश फिरवायची, भांडं तयार. हे काम ब्लेंडरमधलं स्क्रू मॉडिफायर नावाचं साधन करतं. रेघ फोटोवरून काढणार असाल तर लांब उभं राहून झूम करा. जवळून काढलेल्या फोटोत भांड्याची ठेवण बदलते.

आता खरी गंमत. माठाच्या रेघेवर मी १२ बिंदू ठेवले. शेप की, म्हणजे त्याच बिंदूंची दुसरी मांडणी साठवायची सोय, घेऊन तेच बिंदू सरकवत सुरईची रेघ केली. स्लायडर ० वर माठ, १ वर सुरई, मधे त्यांची सगळी लेकरं.

पहिल्यांदा मी बिंदू नुसते उंचीप्रमाणे जुळवले. माठाचं पोट जिथे सगळ्यात रुंद, तिथे सुरईचा गळा. एकाची त्रिज्या १२ सेंटिमीटर, दुसरीची २. अर्ध्यावर आली ७. पोट गेलं, गळाही गेला, उरला नुसता डबा! मग जुळवणी बदलली: बुडाला बूड, पोटाला पोट, खांद्याला खांदा, गळ्याला गळा, काठाला काठ. त्याच बिंदूंतून एकदम जिवंत आकार आला. सगळं या जुळवणीत आहे, स्लायडर नंतरचा.

मी ०.३ वर थांबलो. पोट माठाचंच राहिलं, गळा वर निघाला. शिवाय माठाचा आडवा खांदा थ्रीडी प्रिंटरला झेपत नाही. उभ्यापासून ४५ अंशांहून जास्त कललेली भिंत आधाराशिवाय लोंबू लागते. सुरईकडे झुकवल्यावर तो खांदा उतरता झाला.

छापलेल्या पातळ भिंतीतून पाणी झिरपू शकतं, म्हणून फुलं आत काचेच्या नळीत ठेवा. आणि पीएलए, म्हणजे ज्यातून ही छापली ते प्लास्टिक, साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडतं. मे महिन्यात बंद गाडीत ही फुलदाणी ठेवून सीताबर्डीला खरेदीला जाऊ नका, परत येईपर्यंत वाकलेली असेल.