कार्बोरेटर गळतोय, पण नेमका कुठून?

नमस्कार बागायतदार बंधू-भगिनींनो.

आंब्याला मोहोर फुटायला लागला की फवारणीचा पंप पडवीतून बाहेर निघतो. मे महिन्यात ठेवलेला असतो. पेट्रोलचा कॉक उघडावा तर दोरी ओढायच्या आधीच कार्बोरेटरखाली (इंजिनसाठी पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाखाली) पेट्रोल टपकायला लागतं, आणि माणूस नवा कार्बोरेटर आणायला बाजार गाठतो. कळकळीने सांगतो, जरा थांबा.

आधी कॉक बंद करा आणि पंप अंगणात, चुलीपासून आणि विडीपासून लांब आणा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते, कोपऱ्यात साचून राहते.

आता कार्बोरेटर फडक्याने कोरडा पुसा, कॉक उघडा, आणि इंजिन सुरू न करता पाच मिनिटं नुसतं बघत बसा. थेंब पडतो तिथेच गळती असते असं नाही, पेट्रोल वरून ओघळत येतं. म्हणून पहिला ओलावा कुठे धरतो ते बघायचं. नळीच्या तोंडाशी दिसला तर नळी चिरलीय. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीच्या (तिच्यात पेट्रोल साठतं) कडेला असेल तर पॅकिंग गेलंय, खालच्या बोल्टला असेल तर वॉशर. ही कामं किरकोळ आहेत.

एअर फिल्टरच्या बाजूने पेट्रोल येत असेल तर मात्र दुखणं आतलं. पाण्याच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखंच हे काम चालतं. वाटी भरली की फ्लोट (आतला तरंगणारा पोकळ भाग) वर येतो आणि निडल (टोकदार सुई) दाबून पेट्रोलची वाट बंद करतो. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने वाटीवर हलकेच ठोका. गळती थांबली तर निडलखाली कचरा अडकला होता. तो पुन्हा अडकणार, तेव्हा वाटी उघडून साफ कराच.

निडल हातात आली की तिचं टोक उजेडात धरा. चांगलं टोक गुळगुळीत असतं. झिजलेल्या टोकावर बांगडीसारखी बारीक रेघ उमटलेली दिसते, नख फिरवलं तर लागते. अशी निडल बदलायचीच. फ्लोट कानाशी हलवा. आत खुळखुळलं तर तो फुटलाय. खुळखुळलं नाही तरी शंका असेल तर गरम पाण्यात बुडवा, भोकातून बुडबुडे येतील.

(दोन स्ट्रोकच्या ग्रास कटरला बहुधा वाटी नसते, डायफ्राम (लवचिक पडदा) असतो. त्याची तपासणी वेगळी.)

आणि एक गोष्ट कृपा करून विसरू नका. असा पंप सुरू करण्याआधी ऑईलची पट्टी काढून बघा. माझ्याकडे एका बागायतदाराचा पंप आला होता. "ऑईल कमी झालं नाही, उलट वाढलंय," म्हणून ते निर्धास्त होते. पट्टी नाकाशी धरली तर पेट्रोलचा भपकारा! वाटीतून उतू गेलेलं पेट्रोल सिलिंडरमधून खाली ऑईलमध्ये उतरलं होतं. ऑईल पाण्यासारखं पातळ झालेलं, तशातच इंजिन चालवलेलं. कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) क्रँकला धरून जाम झाला होता. निडल बदलून भागलं असतं तिथे अख्खं इंजिन खोलावं लागलं. ऑईलला वास आला तर ते बदलल्याशिवाय दोरी ओढू नका. दोरी अडकत असेल तर जोर लावू नका, आधी स्पार्क प्लग काढा. सिलिंडर पेट्रोलने भरलेला असू शकतो.

मे महिन्यात पंप ठेवताना कॉक बंद करून वाटीखालचा स्क्रू सैल करा आणि उरलेलं पेट्रोल डब्यात काढून घ्या. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओल ओढतं, आणि आपल्याकडे चार महिने हवेत ओलच असते.

नमस्कार.