निवडायला कोण बसणार?

[संध्याकाळचा बाजार]
ऑफिसं सुटली की इथे अशी झुंबड उडते. बायकांच्या ताटात फळं-भाज्या कमी का पडतात, ते इथूनच दिसायला लागतं. या बाई बघा. पालेभाजीची जुडी उचलली, उलटसुलट केली, परत ठेवली. भाव जास्त म्हणून? काही जणींच्या बाबतीत हो. हात आखडता घ्यायची वेळ आली की पहिली काट फळांना बसते, कारण फळाने पोट भरत नाही. पण पाकिटात पैसे असलेलीही जुडी खाली ठेवते. त्याचं कारण ओट्यापाशी कळतं.

[ओटा. फक्त हात]
जुडी सोडायची. पिवळी पानं काढायची, जून देठ मोडायचे. माती निघेपर्यंत दोन-तीन पाण्यांतून काढायची, निथळायची, चिरायची. एवढा ढीग शिजून वाटीभर होतो, कारण पानांत बहुतेक पाणीच. रविवारी एकदम निवडून ठेवावी, तर तोडलेली भाजीही श्वास घेत असते, ओल गमावत असते. फ्रिजमध्येसुद्धा काही दिवसांत मान टाकते. आणि हे सगळं दिवसभर राबून आल्यावर, बहुतेक घरांत एकटीने.

[दुसरं घर]
इथे निवडायचं काम नवऱ्याकडे आहे. देठ जरा जास्तच ठेवतो, पण भाजी शिजते.

[डबे भरताना]
जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खायला सांगते, म्हणजे साधारण ८० ग्रॅमचे पाच वाटे. बटाटा त्यात धरत नाहीत. आता या फळाच्या फोडी मोजा. चांगल्या फोडी मुलांच्या डब्यात गेल्या, डबे भरणाऱ्या आईच्या वाट्याला देठाकडचा तुकडा. मुलं नाक मुरडतात ती भाजी तर घरात येतच नाही. अशा बाईला भिंतीवरचं ‘फळं-भाज्या खा’ असं पोस्टर काय शिकवणार?

[दवाखान्याची रांग]
फळं-भाज्या कमी पडल्या की हृदयविकार, पक्षाघाताचा धोका वाढतो. जगात १५ ते ४९ वयाच्या दर दहा जणींत साधारण तिघींना रक्तक्षय आहे, आणि धान्य-डाळींतलं लोह अंगी लागायला फळं-भाज्यांतल्या क जीवनसत्त्वाची मदत होते.

[फ्रीजर उघडताना]
गोठवलेली भाजी निकस, हा समज चुकीचा. तोडल्यावर लवकर गोठवल्याने बरीचशी जीवनसत्त्वं टिकतात. निवडणं-धुणंही आधीच झालेलं असतं. फक्त घरात फ्रीजर हवा आणि वीज टिकायला हवी.