शार्क्स, पगाराची कमाल मर्यादा आणि पुढचे बारा महिने

नमस्कार श्रोतेहो.

ऑक्टोबर 2025 लागला की एनएचएलचा, म्हणजे आइस हॉकीच्या मोठ्या लीगचा, नवा हंगाम सुरू होईल आणि कॅलिफोर्नियाच्या बे एरियात जुना प्रश्न पुन्हा कानावर येईल: सॅन होजे शार्क्स अजून किती वर्षं हरणार? सहा हंगाम झाले, प्लेऑफचं, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांचं, नाव नाही. 2023-24 मध्ये 82 सामन्यांत 19 विजय आणि 47 गुण. पुढच्या वर्षी 20 विजय आणि 52 गुण. दोन्ही वेळा 32 संघांत तळाला. आणि हा तोच संघ, ज्याचं 2004 ते 2019 या काळात फक्त एकदा, 2015 साली, प्लेऑफ हुकलं होतं, आणि जो 2016 साली स्टॅन्ली कपची, म्हणजे विजेतेपदाची, अंतिम मालिका खेळला होता. त्यामुळे चाहते चिडले तर नवल नाही. पण चिडायचं कशावर, हे जरा नीट बघायला हवं, कारण निम्मा राग चुकीच्या जागी निघतोय.

मुळात घसरण सुरू झाली ती पगारांतून. सप्टेंबर 2018 मध्ये शार्क्सनी ओटावाकडून एरिक कार्लसन आणला आणि 2019 च्या जूनमध्ये त्याच्याशी आठ वर्षांचा, वर्षाला सरासरी 11.5 मिलियन डॉलरचा करार केला. ब्रेंट बर्न्स आधीच 8 मिलियनवर होता, मार्क-एडुआर्ड व्लासिक 7 वर. तीन डिफेन्समन, म्हणजे बचावपटू, मिळून 26.5 मिलियन, आणि त्या वर्षी सगळ्या संघाच्या पगारांवर लीगने घातलेली कमाल मर्यादा 81.5. म्हणजे जवळजवळ एकतृतीयांश पैसा तीन माणसांत अडकला. त्यातले दोघे तिशी ओलांडलेले, तिसरा उंबरठ्यावर. मग कोविड आला, ती मर्यादा काही वर्षं जागची हलली नाही आणि करार मात्र चालूच राहिले. वर कार्लसनच्या बदल्यात दिलेला 2020 चा पहिल्या फेरीचा पिक, म्हणजे नव्या तरुण खेळाडूंमधून निवड करण्याचा हक्क, नेमका तिसऱ्या क्रमांकाचा निघाला. ओटावाने त्यावर टिम श्टुट्झ्ले घेतला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा.

जुलै 2022 मध्ये माइक ग्रिअर जनरल मॅनेजर झाला आणि विक्री सुरू झाली. बर्न्स कॅरोलायनाला, टिमो मायर न्यू जर्सीला, 101 गुण (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) आणि सर्वोत्तम डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी मिळवून कार्लसन पिट्सबर्गला, टोमास हर्टल थेट प्रतिस्पर्ध्याला, म्हणजे व्हेगासला. हर्टलचा सौदा लोकांना आजही झोंबतो. पण तो कसा झाला बघा. विकणारा संघ खेळाडूच्या पगाराचा जास्तीत जास्त निम्मा हिस्सा स्वतःकडे ठेवू शकतो. असे करार एका वेळी तीनच चालतात. शार्क्सनी बर्न्सचे 34 टक्के ठेवले, कार्लसनचे दीड मिलियन, हर्टलचे सुमारे 1.4 मिलियन. तिन्ही जागा भरल्या. हर्टलचा हिस्सा तर 2030 पर्यंत खात्यावर राहणार आहे. बदल्यात डेव्हिड एडस्ट्रॉम नावाचा तरुण सेंटर, म्हणजे मधला आक्रमक, आणि व्हेगासचा 2025 चा पहिल्या फेरीचा पिक आला, आणि मुख्यतः तेच दोन नॅशव्हिलला देऊन ऑगस्ट 2024 मध्ये यारोस्लाव आस्कारोव्ह हा गोली, म्हणजे गोलरक्षक, आणला. म्हणजे हर्टल गेला आणि गोली आला, असं वाचायचं. तिशीत पोचलेल्या सेंटरच्या बदल्यात बावीस वर्षांचा गोली. माझ्या मते सौदा बरा, पण आस्कारोव्हने वर्षाला पन्नासएक सामने पेलले तरच.

ग्रिअरचा सगळ्यात सुरेख सौदा मात्र याहून छोटा आहे आणि त्याची चर्चा कमी होते. जून 2024 मध्ये डेट्रॉइटला मर्यादेखाली पगाराची जागा मोकळी करायची होती. त्यांनी जेक वॉलमन हा डिफेन्समन, वर्षाला 3.4 मिलियनचा, शार्क्सना दिला आणि घ्या म्हणून वर दुसऱ्या फेरीचा पिकही दिला. वॉलमन इथे उत्तम खेळला. मार्च 2025 मध्ये ग्रिअरने तो एडमंटनला विकला आणि पहिल्या फेरीचा पिक घेतला. घेताना पिक, विकताना पिक. रिकामी जागा हेच भांडवल कसं ठरतं, ते या एका व्यवहारात दिसतं.

आता सगळ्यात गरम वाद. काही चाहते म्हणतात, हरायचंच असेल तर नीट हरा, म्हणजे पहिला पिक मिळेल. या मंडळींनी पिकचा क्रम ठरवणाऱ्या लॉटरीचं गणित एकदा कागदावर मांडावं. यंत्रात 1 ते 14 आकड्यांचे चेंडू असतात, त्यातले चार काढतात, एकूण 1001 जोड्या होतात. एक जोडी बाद, उरलेल्या हजार प्लेऑफ हुकलेल्या सोळा संघांत वाटलेल्या. तळाच्या संघाच्या वाट्याला त्यातल्या 185. पण कुठलाही संघ दहापेक्षा जास्त पायऱ्या वर चढू शकत नाही. त्यामुळे या सोळांतले अगदी वरच्या क्रमांकाचे संघ जिंकले तरी पहिला पिक तळाच्याच संघाकडे राहतो आणि त्याची खरी शक्यता 25.5 टक्क्यांवर जाते. दुसरा पिक 18.8 टक्के. तिसरा 55.7 टक्के. ऐकलंत? सगळ्यात वाईट खेळलात तरी बहुतेक वेळा तिसराच क्रमांक. 2024 मध्ये शार्क्सना लॉटरी लागली आणि मॅकलिन सेलेब्रिनी मिळाला. 2025 मध्ये साडेतीन टक्के शक्यता असलेले आयलंडर्स जिंकले, त्यांनी मॅथ्यू शेफर हा डिफेन्समन घेतला आणि शार्क्सना दुसऱ्या क्रमांकावर मायकल मिसा मिळाला. मिसा उत्तम सेंटर आहे, सॅगिनॉ या ज्युनियर संघाकडून 65 सामन्यांत 134 गुण त्याने केले. पण शार्क्सना गरज डिफेन्समनची होती. लॉटरी मागाल ते देत नाही. म्हणून तिसऱ्यांदा मुद्दाम तळाला जाण्याचा सल्ला मला पटत नाही.

दुसरा वाद दिग्गजांचा, म्हणजे संघात आणलेल्या अनुभवी डिफेन्समनचा. डिमिट्री ऑर्लोव्हला दोन वर्षांसाठी वर्षाला साडेसहा मिलियन का दिले? जॉन क्लिंगबर्ग कशाला? निक लेडी कशाला? मुलांची जागा अडते, असा सूर आहे. इथे थोडं बर्फावर जाऊ.

तरुण संघ सामने कुठे घालवतो? बहुतेक वेळा स्वतःच्या गोलमागे. पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, कोपऱ्यात येतो, डिफेन्समन तो उचलतो आणि मागे दोघे धावून आलेले. अनुभवी खेळाडू पक घ्यायच्या आधी खांद्यावरून एकदा मागे बघतो, शरीर कडेची फळी आणि प्रतिस्पर्धी यांच्यात घालतो आणि सहा-सात फुटांचा छोटा पास मधल्या सेंटरला देतो. नवखा घाबरून पक फळीवरून गोल फिरवतो. तो पक फळीच्या मध्यावर उभ्या विंगरकडे, म्हणजे कडेच्या आक्रमकाकडे, जातो, पण तोवर समोरचा डिफेन्समन निळी रेघ, म्हणजे बचावाच्या भागाची हद्द, सोडून पुढे सरकलेला असतो. पक परत आत. पुन्हा तेच. एरवी पंचेचाळीस सेकंदांची बर्फावरची पाळी दीड मिनिटावर जाते. पाय जड होतात, काठी उशिरा पोचते आणि पेनल्टी होते. कोणी वैतागून पक थेट पलीकडे फेकला तर आइसिंग, आणि आइसिंग करणाऱ्या संघाला खेळाडू बदलता येत नाहीत. दमलेले तेच पाच जण पुन्हा स्वतःच्याच गोलसमोर फेस-ऑफला, म्हणजे पक टाकून खेळ सुरू होतो त्याला.

दुसऱ्या पीरियडमध्ये हे आणखी महाग पडतं. बाजू बदललेल्या असतात, म्हणून स्वतःचा बेंच स्वतःच्या गोलपासून लांब जातो. पहिल्या आणि तिसऱ्या पीरियडमध्ये पक निळ्या रेघेबाहेर काढला की बदल करता येतो, दुसऱ्यात त्यासाठी मधली रेघ गाठावी लागते. सामना बघताना दुसऱ्या पीरियडमध्ये घड्याळ लावून बघा: शार्क्सचे तेच डिफेन्समन किती वेळ बर्फावर अडकलेत? एक मिनिट उलटलं की गोलचा धोका समजा.

सेलेब्रिनीच्या पहिल्याच सामन्यात, ऑक्टोबर 2024 मध्ये सेंट लुइसविरुद्ध, त्याने गोल केला, संघ 4-1 असा पुढे होता आणि शेवटी जादा वेळेत 5-4 असा हरला. पुढचे बारा सामने तो दुखापतीमुळे बाहेर. तरी 70 सामन्यांत 63 गुण करून सर्वोत्तम नवोदिताच्या काल्डर ट्रॉफीच्या अंतिम तिघांत आला. पुढच्या फळीत गुण आहेत. पण मागून पक बाहेर आलाच नाही तर सेलेब्रिनी काय आणि त्याचा तरुण जोडीदार विल स्मिथ काय, दोघेही दोनशे फुटांचा बर्फ उलटा धावत बसतात. म्हणून ऑर्लोव्हचे पैसे मला खटकत नाहीत. दोनच वर्षांचा करार आहे, आणि तो सरळ पहिला पास देतो. लेडी आणि क्लिंगबर्ग दोघेही एकदम हवे होते का, यावर मात्र शंका घ्यायला जागा आहे. शाकिर मुखामदुलिन या तरुण डिफेन्समनला रोज रात्री अठरा मिनिटं मिळाली नाहीत तर तो शिकणार कधी?

तिसरी तक्रार केरी प्राइसची. 2022 पासून न खेळलेल्या गोलीचा करार सप्टेंबर 2025 मध्ये माँट्रिआलकडून घेतला. साडेदहा मिलियन! लोक भडकले, एवढ्या पैशात खरा खेळाडू आला असता म्हणे. साडेदहा मिलियन हा मर्यादेतला आकडा आहे. प्रत्यक्षात या वर्षाचे साडेपाच मिलियन बोनस म्हणून माँट्रिआलने 1 सप्टेंबरलाच देऊन टाकले होते, उरले दोन. लीगमध्ये कमाल मर्यादा आहे तशी किमानही आहे, 2025-26 साठी 70.6 मिलियन. तिच्या खाली जाता येत नाही. प्राइसच्या कराराने ती चिंता मिटली, सोबत पाचव्या फेरीचा पिक आला आणि 2026 च्या उन्हाळ्यात करार संपतोय. यात फसवणूक वगैरे काही नाही. मालकाने खिशातून कमी पैसे काढले, हा आक्षेप रास्त आहे. तो जरूर घ्या.

आता लीगच्या बातम्या, कारण पुढचं वर्ष त्यांच्यावर ठरणार आहे. कमाल मर्यादा 2025-26 च्या हंगामात 95.5 मिलियन आहे, 2026-27 ला 104, त्यानंतर 113.5. म्हणजे रिकाम्या जागेचा भाव उतरणार. सगळ्यांकडेच जागा झाली तर वॉलमनसारखा सौदा कोण देईल? शिवाय एकाच खेळाडूचा पगार लागोपाठ दोन संघांनी अर्धा-अर्धा ठेवायचा आणि मधल्याने दलाली म्हणून पिक घ्यायचा, ही युक्तीही आता आवळली आहे. दोन सौद्यांमध्ये 75 दिवसांचं अंतर लागतं. प्लेऑफमध्येही यापुढे मैदानात उतरणाऱ्या संघाला मर्यादा पाळावी लागेल. जखमी खेळाडूच्या नावाखाली महागडे खेळाडू जमवणं संपलं. याचा परिणाम मार्च 2026 मध्ये दिसेल: महाग कराराच्या दिग्गजांना गिऱ्हाईक कमी, स्वस्त करारवाल्यांना जास्त. शार्क्सना कोणी विकायचा असेल तर पगाराचा हिस्सा ठेवायची तयारी हवी. बर्न्सचा करार संपल्यामुळे एक जागा मोकळी आहे, एवढं बरं.

सगळ्यात महत्त्वाची तारीख पुढे आहे. लीग आणि खेळाडू यांच्यातला नवा कामगार करार 16 सप्टेंबर 2026 पासून लागू होतो. हंगाम 84 सामन्यांचा होईल, आणि स्वतःच्या खेळाडूशी करायच्या कराराची मुदत आठ वर्षांवरून सातवर येईल. सेलेब्रिनी आणि स्मिथ दोघांचेही पहिले तीन वर्षांचे करार 2027 च्या उन्हाळ्यात संपतात, आणि नव्या कराराची बोलणी पक्की करता येतात 1 जुलै 2026 पासून. म्हणजे आठ वर्षांचा करार हवा असेल तर 1 जुलै ते 15 सप्टेंबर, अडीच महिने. ते एक वर्ष फार मोलाचं, कारण ते पंचविशीनंतरचं, ऐन भरातलं वर्ष असेल. आज जे म्हणतात की पैसे पडून आहेत, उधळा, त्यांनी हा अडीच महिन्यांचा काळ डोळ्यांसमोर ठेवावा. तिशी पार केलेल्या कुणाला आज सात वर्षांचा करार दिला तर 2019 ची चूक पुन्हा पदरात पडेल.

आणि लगेचचा प्रश्न: मिसा आणि सॅम डिकिन्सन. डिकिन्सन हा 2025 चा मेमोरियल कप, म्हणजे कॅनडातलं ज्युनियर विजेतेपद, जिंकणाऱ्या लंडन नाइट्सचा डिफेन्समन. दोघेही कॅनडाच्या ज्युनियर लीगमधून आलेले, वीस वर्षांच्या आतले, म्हणून 2025-26 च्या नियमांनुसार त्यांना बाराकुडामध्ये, म्हणजे शार्क्सच्या खालच्या संघात, पाठवता येत नाही. एक तर इथे, नाही तर परत ज्युनियरमध्ये. नऊ सामन्यांपर्यंत ठेवून परत पाठवलं तर कराराचं वर्ष वाचतं. दहावा सामना खेळला की वर्ष मोजलं गेलं. चाळीस सामने संघात राहिला तर हव्या त्या संघाकडे जायला मुक्त होण्याच्या सात वर्षांतलंही एक गेलं. डिकिन्सनला ज्युनियरमध्ये शिकण्यासारखं काही उरलेलं नाही, त्याला तिसऱ्या जोडीत ठेवून रोज पंधरा मिनिटं द्यावीत, असं माझं मत. मिसाचं थोडं वेगळं. तो सेंटर आहे, अठरा वर्षांचा आहे, आणि मोठ्या लीगमध्ये फेस-ऑफ हरणारा सेंटर स्वतःच्या गोलसमोर अडकतो. त्याला आधी विंगवर खेळवा, आठव्या सामन्यापर्यंत बघा. त्याचा निकाल नोव्हेंबर उजाडेपर्यंत लागलेला असेल. घोडामैदान जवळच आहे.

नमस्कार.