ढोलाचं पान आणि पृथ्वीचं पोट

(दिवा स्थानक. उभी मालगाडी.)

सिग्नल पडला. इंजिनाने ओढ घेतली आणि खण्, खण्, खण् करत आवाज गाडीच्या तोंडापासून शेपटापर्यंत धावत गेला. कपलिंगमधली ढील संपली, तशी प्रत्येक वाघिणीने मागचीला हिसका दिला. नीट बघा: हिसका मागे गेला, वाघिणी मात्र सरकल्या पुढे. दिशा उलट, पण रेषा एकच. हालचाल आणि तरंग एकाच रेषेत असतील, तर भौतिकशास्त्रात त्याला अनुतरंग म्हणतात.

(ठाण्यातलं एक मैदान. ढोल-ताशा पथकाचा सराव.)

गणपती जवळ आले की संध्याकाळी हा आवाज चुकवता येत नाही. आम्ही पथकाकडून दोन ढोल मागून घेतले. एक जमिनीवर उभा ठेवला, पान (ढोलाच्या तोंडावरचा ताणलेला पडदा) वर, आणि पानावर चिमूटभर रांगोळी टाकली. दुसरा शेजारी, वादकाच्या कमरेला. आता टोल.

(जवळून. रांगोळीचे कण पानावर उड्या मारतात.)

रांगोळीच्या ढोलावर कुणी टोल दिलेला नाही. मग रांगोळी उडाली कशी?

टोल बसला तिथे वादकाच्या ढोलाचं पान दबलं. पान ताणलेलं असतं, म्हणून दबलेल्या भागाने आपल्या शेजारच्या भागालाही ओढलं. अशी ही हालचाल कडेकडे पसरत गेली. तरंग पानाच्या अंगावरून चालला, पान मात्र आत-बाहेर हललं, म्हणजे काटकोनात. हा अवतरंग.

पण पानाला लागून हवा आहे. पान बाहेर आलं की ती दाबली जाते, आत गेलं की विरळ होते. ही संपीडनं आणि विरलनं २० अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर वेगाने निघतात. हवेचे कण स्वतः कुठेच जात नाहीत, जागच्या जागी पुढे-मागे होतात. तेही किती? साध्या बोलण्यात मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकेसुद्धा नाही. हा अनुतरंग रांगोळीच्या पानावर आदळला आणि तेही आत-बाहेर हलू लागलं. एका टोलात तरंगाने दोनदा रूप बदललं.

आता खरा प्रश्न. हवेने पानाची नक्कल का केली नाही? तिच्यातून अवतरंगच का गेला नाही?

सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने बंद करून दांडा दाबा. हवा उलट ढकलते. पण हवेचा एक थर बाजूला सारला, तर शेजारचा थर त्याला परत खेचून आणत नाही. तरंग पुढे जायचा तर हललेल्याला जागेवर आणणारं बळ लागतं. घन पदार्थ आपला आकार राखायला धडपडतो, त्यामुळे त्याच्या पोटातून दोन्ही तरंग जातात. द्रव आणि वायू आकाराची पर्वा करत नाहीत. त्यांच्या पोटातून जातो तो फक्त अनुतरंग.

(तलावपाळी. मासुंदा तलावात बोटी.)

मग ही लाट? शाळेत अवतरंग म्हटलं की फळ्यावर हमखास पाण्याची लाट उमटते. काढायला सोपी, पण आमच्या मते हे उदाहरण आता निवृत्त करावं. बोटीच्या लाटेवर तरंगणारं झेंडूचं फूल बघा. उंचवट्यावर ते थोडं पुढे जातं, खळग्यात थोडं मागे, जवळजवळ गोल फिरतं. इथे पाण्याला जागेवर आणतं गुरुत्वाकर्षण, आणि बारीक लहरींना पृष्ठताण. तेही पृष्ठभागाजवळच. तरंगलांबीच्या निम्म्या खोलीवर हालचाल जवळपास संपलेली असते.

(भूकंपमापकाचा आलेख.)

११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. कोयनेचा भूकंप. तिथून ठाणे सरळ रेषेत दोनशे किलोमीटरहून थोडं जास्त. खडकातून अनुतरंग सेकंदाला साधारण ६ किलोमीटर जातो, अवतरंग साडेतीन. हिशोब करा: इथपर्यंत येताना दोघांत २५ सेकंदांच्या आसपास फरक पडतो. आधी धक्का, मग आडवं हलणं.

हे दोन तरंग भूकंपाच्या नोंदींत वेगळे करून दाखवले रिचर्ड ओल्डहॅम यांनी. ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात होते आणि १८९७ च्या आसाम भूकंपाचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला होता. १९०६ मध्ये त्यांनी पृथ्वीला गाभा असल्याचा पुरावा मांडला. पुढे लक्षात आलं की सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर अवतरंग अडतात, पुढे जातच नाहीत. १९२६ मध्ये भूभौतिकशास्त्रज्ञ हॅरल्ड जेफ्रीज यांनी निष्कर्ष काढला: तिथे द्रव आहे. त्या द्रवाच्याही आत वेगळा गाभा आहे हे भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेमान यांनी १९३६ मध्ये दाखवलं, तेही अनुतरंगांवरूनच. तिथवर कुणी खणत गेलं नव्हतं, आजही गेलेलं नाही.

(ऐरोली. खाडीत फ्लेमिंगो.)

पोटातून अवतरंग जायला घन पदार्थ लागतो, या नियमाला प्रकाशाने मात्र चांगलंच कोड्यात टाकलं. १८२१ मध्ये फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फ्रेनेलने प्रकाश अवतरंग असल्याचं मांडलं. मग ज्यातून तो येतो असं तेव्हा मानलं जाई, ते अवकाशभर पसरलेलं माध्यम, म्हणजे ‘ईथर’, घन हवं, तेही भलतंच ताठ. आणि ग्रह त्यातून बिनबोभाट फिरतात? १८६५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने दाखवलं की प्रकाशात विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रं डोलतात. पुढे ईथरची गरजच उरली नाही. निर्वात पोकळीतूनही प्रकाश येतो.

इथे बोटीतून पक्षी टिपायला येणारे लेन्सवर पोलरायझर लावतात, म्हणजे एकाच दिशेत डोलणारा प्रकाश आत सोडणारा फिल्टर. तो फिरवला की पाण्यावरची चकाकी उतरते आणि चिखलातले पाय दिसू लागतात. आणखी पाव फेरा दिला की चकाकी परत. अवतरंगाला डोलायला काटकोनात अनेक दिशा असतात, त्यातली एक हा फिल्टर निवडतो. हवेतल्या आवाजासाठी असा फिल्टर करता येत नाही. त्यात हवा हलते ती रेषा एकच असते.