पर्समधली पिशवी

श्रोतेहो, नमस्कार.

आजचा विषय उलटीची भीती. त्याला हात घालण्याआधी एक सांगून टाकते. आत्ता, या क्षणी, माझ्या पोटात ढवळतंय. या ध्वनिमुद्रणाच्या खोलीचं दार चांगलं जाडजूड आहे. बाहेर लाल दिवा लागलाय आणि काचेपलीकडून ताईंनी हाताने खूण केलीय, आता मध्ये उठायचं नाही. दार बंद आणि उठायची सोय नाही, एवढं माझ्या पोटाला पुरतं. काही वर्षांपूर्वी मी या खुर्चीपर्यंत पोचलेच नसते. काल रात्रीच फोन करून 'तब्येत बरी नाही' असं कळवलं असतं, आणि ते अगदीच खोटं नसतं.

मी चिपळूणची, शाळेत भूगोल शिकवते. थोरली बहीण कराडला असते. चिपळूणहून कराडला जायचं म्हणजे पोफळी मागे टाकून कुंभार्ली घाट चढायचा. लहानपणी मला घाट लागायचा, तुमच्यापैकीही अनेकांना लागत असेल. त्यात काही गूढ नाही. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय, डोळ्यांसमोर मात्र पुढच्या सीटची पाठ स्थिर असते. या दोन बातम्या जुळत नाहीत आणि पोट बिघडतं. पुढच्या बाजूला बसावं, दूरवर बघावं, मोबाइल खाली ठेवावा, बहुतेकांचं भागतं. आई लिंबाची फोड हुंगायला द्यायची, माझंही भागायचं.

पण तिशीत असताना एकदा त्याच घाटात वेगळंच झालं. गाडी गच्च भरलेली, मी खिडकीपासून लांब. पोटात जरा डचमळलं आणि मनात आलं, इथे, या सगळ्यांसमोर, आपल्याला उलटी झाली तर? त्या एका 'तर'नंतर छाती धडधडायला लागली, हात गार पडले, बोटांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना. मळमळ इतकी वाढली की मी कंडक्टरला ओरडून गाडी थांबवायला लावली. उतरले. रस्त्याच्या कडेला पंधरा मिनिटं बसले. उलटी झाली नाही. कंडक्टर बिचारा पाण्याची बाटली घेऊन उभा होता, "ताई, सावकाश, गाडी कुठं जात नाही." गाडी खरंच थांबली होती, पण पुढची नऊ वर्षं मीच त्या घाटात अडकून राहिले.

उलटी होण्याच्या या भीतीला डॉक्टर इमेटोफोबिया म्हणतात. नाव अवघड आहे, लक्षात नाही राहिलं तरी चालेल. तिची संसारातली रूपं मात्र सांगते, कारण कोणाला तरी ती ओळखीची वाटतील. माझ्या पर्समध्ये कायम तीन प्लास्टिकच्या पिशव्या, घड्या घालून. त्यांतली एक साडीच्या दुकानाची होती, तिच्यावरची छपाई घडीवर पुसून गेली तरी ती कधी उघडावी लागली नव्हती. शिवाय आलेपाक, आवळासुपारी, उलटी थांबवायची गोळी. लग्नात जेवायचं नाही, फक्त ताट चिवडायचं. नाट्यगृहात कडेची खुर्ची. दूध उकळण्याआधी तीनदा वास घ्यायचा. कोणाच्या मुलाला उलट्या होतायत असं कळलं की आठवडाभर त्या घरी पाऊल टाकायचं नाही. आणि प्रवास असेल त्या दिवशी सकाळपासून उपाशी. यातली गंमत मला फार उशिरा कळली. रिकाम्या पोटी आम्ल चढतं आणि मळमळतं. म्हणजे मी उलटीच्या भीतीने उपाशी राहत होते आणि उपाशी राहून मळमळ ओढवून घेत होते.

लोकांनी निदानं केलीच. पहिलं, पित्त. आपल्याकडे डोकेदुखीपासून भांडणापर्यंत सगळं पित्तानेच होतं. दुसरं, बाईमाणसाला मळमळतंय म्हटलं की गालातल्या गालात हसणं, "काही गोड बातमी?" तिसरं, दृष्ट. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. त्यांचा जीव तुटत होता, म्हणून मी गप्प बसले. मग पोटाच्या तपासण्या झाल्या, दुर्बीण घातली, सगळं नॉर्मल. 'काही नाही' हे ऐकून आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. काही नाही तर मग हे काय आहे?

हे काय आहे, ते नंतर एका मनोविकारतज्ज्ञ बाईंनी समजावलं. आपण घाबरलो की शरीरात अॅड्रेनालिन सुटतं. पळायचं किंवा झुंजायचं तर रक्त हातापायांच्या स्नायूंना हवं, पचनाचं काम तेवढ्यापुरतं मागे पडतं. जठर रिकामं व्हायचा वेग मंदावतो आणि खाल्लेलं जागच्या जागी बसून आहे असं वाटतं. त्यात आपण भराभर श्वास घेतो, सोबत हवाही गिळतो, पोट फुगतं. श्वास प्रमाणाबाहेर झाल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने डोकं हलकं होतं आणि बोटांना मुंग्या येतात. पोट आणि मेंदू यांच्यामध्ये व्हेगस नावाची लांबलचक नस आहे. तिच्यातले बहुतेक तंतू खालून वर, पोटाची खबर मेंदूला देणारे आहेत. पॅनिक अटॅकची, म्हणजे अचानक उसळणाऱ्या भीतीच्या झटक्याची, 13 लक्षणं डॉक्टरांच्या यादीत आहेत, त्यात मळमळ आहेच. ही यादी व्हायच्या कितीतरी आधी आपल्या भाषेला हे ठाऊक होतं. पोटात गोळा येतो, पोटात धस्स होतं, पोटात खड्डा पडतो. भीतीचा पत्ता मराठीने पोटातलाच दिलाय.

डेव्हिड क्लार्क नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने 1986 साली पॅनिकचं एक चक्र मांडलं. शरीरात काहीतरी साधंसं जाणवतं. आपण त्याचा अर्थ लावतो, आता भयंकर काही होणार. त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने तेच जाणवणं वाढतं, मग अर्थ आणखी पक्का होतो. कोणाला धडधडीवरून हार्ट अटॅक दिसतो. आम्हाला डचमळण्यावरून उलटी दिसते.

आणि तरी उलटी क्वचितच होते. मळमळणं वेगळं, उलटी होणं वेगळं. उलटी ही मेंदूच्या तळाकडून हलणारी स्वतंत्र क्रिया आहे. खरोखर व्हायची असते तेव्हा आधी तोंडाला पाणी सुटतं. घाबरल्यावर बहुधा उलट, तोंड कोरडं पडतं. हे सांगावं की नाही, याचा मी काल बराच विचार केला. कारण माझ्यासारखे जे ऐकतायत, ते आत्ता जीभ फिरवून लाळ तपासत असणार. नका तपासू. तपासत राहणं हाच आमचा आजार.

त्या बाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, "समजा, झाली उलटी. पुढे काय होईल?" नऊ वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. सगळे म्हणायचे, नाही होणार गं, काही नाही होणार. मी बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "लोक बघतील." "मग?" "मग... तोंड धुवीन." त्यापुढे माझ्याकडे काही नव्हतं.

उपचाराचं मर्म सोपं आहे, करायला मात्र कठीण. उलटी होणार नाही याची हमी मागणं सोडायचं. ही हमी जगात कोणाकडेच नाही, डॉक्टरकडेही नाही. आम्ही एक उतरंड लिहून काढली, सगळ्यात कमी भीतीचं वर, सगळ्यात जास्त भीतीचं खाली. पहिली पायरी काय असेल? 'उलटी' हा शब्द मोठ्याने म्हणणं. हसू नका, मी तोवर 'ते' म्हणायचे. मग तो कागदावर लिहिणं. मग कोरड्या ओकारीचा आवाज स्वतः काढणं, न्हाणीघरात दार लावून. बाहेर ह्यांनी घाबरून दार वाजवलं होतं. मग गोल गोल फिरून मुद्दाम गरगरू देणं आणि काहीही न करता बसणं. हा भाग घरच्या घरी करू नका. हृदयाचा त्रास, फिट्स, दमा किंवा गर्भारपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नाही. मग प्रवासाआधी पोटभर पोहे. मग खिडकीपासून लांबची जागा. आणि शेवटी पर्समधून एकेक पिशवी काढणं.

मला यातलं सर्वांत जड काय गेलं असेल, तर पिशव्या. शेवटची, ती पुसट छपाईची, काढताना रडू आलं. प्लास्टिकच्या पिशवीसाठी माणूस रडतं, यावर माझाच विश्वास बसेना.

अटॅक आलाच तर? त्या वेळेपुरतं सांगते. तो बहुधा 10 मिनिटांच्या आत शिखर गाठतो आणि मग उतरायला लागतो. श्वास सोडणं घेण्यापेक्षा लांबवायचं, नाकाने चारपर्यंत आत, सहापर्यंत बाहेर. पोट आवळून धरायचं नाही, सैल सोडायचं. सारखं गिळायचं नाही. मी पोटाला म्हणते, ढवळ बाबा, तुला काय करायचं ते कर, मी इथे बसलेय. रोखून धरायला गेलं की ते जास्त उसळतं. पण श्वास मोजण्याचाही मंत्र करू नका. 'मोजला नाही तर होईल' असं वाटायला लागलं, की समजा पर्समध्ये चौथी पिशवी आली.

औषधांबद्दल थोडक्यात. पॅनिकसाठी जी औषधं सहसा देतात, त्यांनी सुरुवातीचे काही दिवस मळमळू शकतं. आमच्यासाठी हा विनोदच म्हणायचा. डॉक्टरांना आपली भीती आधी सांगा. डोस कमीपासून सुरू करता येतो, बरेचदा जेवणानंतर घ्यायला सांगतात. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. ती स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. आणि शेजारणीने दिलेली झोपेची किंवा 'टेन्शनची' गोळी घेऊ नका, तिची सवय लागते.

सगळंच भीतीच्या माथी मारू नका, हेही सांगते. छातीत दाब, घाम आणि सोबत मळमळ, विशेषतः चाळिशीपुढे किंवा मधुमेह असेल तर, ते पॅनिक आहे असं घरी ठरवायचं नाही. 108 ला फोन करा, ईसीजी होऊ द्या. उलटीत रक्त दिसलं, वजन उतरत चाललं, पाणीही ठरेना, तर आधी डॉक्टर.

घरच्यांसाठी एक. आमच्यासारखी माणसं दिवसातून वीसदा विचारतात, "हे खाल्लं तर काही होणार नाही ना?" तुम्ही मायेने म्हणता, "नाही होणार." त्या उत्तराने आम्हाला पाच मिनिटं बरं वाटतं, सहाव्या मिनिटाला पुन्हा विचारतो. माझी बहीण आता म्हणते, "होईल कदाचित. फरशी पुसू." पहिल्यांदा फार लागलं होतं ते.

आणि शिक्षकांनो, परीक्षेच्या दिवसांत एखादी मुलगी डबा तसाच परत नेत असेल, सहलीला नाव देत नसेल, वर्गात सारखी दाराजवळची जागा मागत असेल, तर तिला नाटकं करते म्हणू नका. मधल्या सुट्टीत शेजारी बसा. माझ्या वर्गात अशी एक होती. मी तिला पर्स उघडून माझी शेवटची पिशवी दाखवली होती, तेव्हा ती अजून पर्समध्येच होती. ती मुलगी म्हणाली, "बाई, माझ्याकडे दोन आहेत."

जवळपास मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर सरकारची टेलिमानस ही सेवा आहे. 2022 च्या ऑक्टोबरपासून ती सुरू आहे. क्रमांक 14416. फोन मोफत आहे, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं. पुन्हा सांगते, एक चार चार एक सहा.

खरी उलटी झाली का कधी? झाली. मागच्या पावसाळ्यात, कराडला बहिणीकडेच, कशाने ते कळलं नाही. रात्री दोन वाजता. तोंड धुतलं, मीठ-साखरेचं पाणी घेतलं, झोपले. सकाळी उठल्यावर पहिल्यांदा वाटलं ते हे, की आता परतीचा घाट आहे. पोटात गोळा आला. बसमध्ये मधली जागा मिळाली, हेळवाकपर्यंत श्वास नीट लागत नव्हता. नंतर शेजारच्या आजींनी गवार काय भाव मिळाली ते सांगायला सुरुवात केली, आणि पोफळी कधी आलं ते कळलं नाही.

काचेपलीकडून ताई बोटं दाखवतायत, वेळ संपत आली. पोटात अजून ढवळतंय, मघापेक्षा थोडं कमी. पुढच्या शनिवारी कराडला जायचंय, भाचीच्या साखरपुड्याला. जेवून येणार आहे.

नमस्कार.