अजितनं लग्न का केलं नाही? ब्योमकेश बक्षीच्या घरातला तिसरा माणूस

नमस्कार मंडळी. कोल्हापुरातून, शुक्रवार पेठेतल्या आमच्या माडीवरून पुन्हा एकदा तुमच्याशी बोलायला बसलेय. बाहेर पावसानं झोड उठवलीय, पत्र्याचा आवाज मध्येमध्ये येईल. तेवढं सांभाळून घ्या.

आज जो प्रश्न घेतलाय तो मला भेटणारा जवळजवळ प्रत्येक ब्योमकेशप्रेमी विचारतो. मिसळ खाताना विचारतो, लग्नाच्या पंगतीत विचारतो. "अजितचं सत्यवतीवर प्रेम होतं ना?" विचारतानाच त्याला उत्तर माहीत असतं. आवाज जरा खाली येतो, भुवया वर जातात. आणि मी दर वेळी चिडते. का चिडते ते आज नीट सांगणार आहे.

ज्यांनी बघितलं-वाचलं नाही त्यांच्यासाठी पटकन. ब्योमकेश बक्षी हा शरदिंदू बंद्योपाध्याय यांनी बंगालीत उभा केलेला कलकत्त्याचा नायक. डिटेक्टिव्ह हा शब्द त्याला आवडत नाही, तो स्वतःला सत्यान्वेषी, म्हणजे सत्य शोधणारा, म्हणवतो. पहिली गोष्ट १९३२ सालची. पूर्ण झालेल्या गोष्टी ३२. तेहतिसावी लिहीत असतानाच १९७० मध्ये शरदिंदू गेले, ती अर्धीच राहिली. आपल्या पिढीला तो भेटला दूरदर्शनवर, १९९३ मध्ये, बासू चटर्जींच्या मालिकेत. ब्योमकेश रजित कपूर, त्याचा मित्र अजित म्हणजे के. के. रैना, आणि बायको सत्यवती म्हणजे आपली सुकन्या कुलकर्णी. 'आभाळमाया'तली सुधा म्हणून घराघरांत जायच्या कितीतरी आधी ती हॅरिसन रोडवरच्या त्या घरात नांदत होती.

आणि हे बंगाली लेखक तरी आपल्याला परके कुठं? १९३८ मध्ये ते चित्रपटांसाठी लिहायला मुंबईत आले, १९५२ पासून शेवटपर्यंत पुण्यात राहिले. मधली पंधराएक वर्षं ब्योमकेश बंदच होता, पुन्हा सुरू झाला आणि पुढच्या कितीतरी गोष्टी पुण्यात बसून लिहिल्या गेल्या. शिवाजी महाराजांच्या काळातल्या सदाशिव नावाच्या मराठी पोराच्या गोष्टीसुद्धा त्यांनी बंगाली मुलांसाठी लिहिल्यात. त्यावर एक वेगळा व्हिडिओ करायचाय मला. असो.

तर अजित.

ही थिअरी काय म्हणते? अजित आणि ब्योमकेश एकत्र राहत होते. 'अर्थमनर्थम्' या गोष्टीत एका म्हाताऱ्या श्रीमंताचा खून होतो, संशय सुकुमारवर येतो, आणि त्याची बहीण सत्यवती भावाला सोडवण्यासाठी ब्योमकेशचं दार ठोठावते. त्या वेळी खोलीत दोघंही आहेत. दोघांनीही तिला एकदमच बघितलं. लग्न एकाशी झालं. दुसरा तिथंच राहिला, त्याच घरात, जन्मभर, बिनलग्नाचा. मग, थिअरीवाले म्हणतात, तो का राहिला? दुसरं काय कारण असणार?

कारण आहे. आणि ते शोधायला सत्यान्वेषी लागत नाही, पुस्तक उघडावं लागतं.

(पुस्तक हातात घेऊन)

'सत्यान्वेषी' ही गोष्ट. अजित आणि ब्योमकेशची पहिली भेट हिच्यात आहे. अजून ब्योमकेश आलेलाही नाही. अजित एका मेसमध्ये राहतोय आणि आपली ओळख करून देतोय. काय सांगतो तो? वडील बँकेत थोडे पैसे ठेवून गेलेत, त्यांच्या व्याजावर मेसमध्ये एकट्याचा खर्च व्यवस्थित भागतो, म्हणून मी ठरवलंय की कौमार्यव्रत घ्यायचं आणि आयुष्य साहित्यात घालवायचं. पहिल्याच पानांवर! ब्योमकेशची अजून गाठ पडलेली नाही. सत्यवती तर लेखकाच्या कागदावरसुद्धा आलेली नाही, कारण 'अर्थमनर्थम्' त्यानंतर लिहिली गेली. ज्या माणसानं लग्न न करण्याचं आधीच ठरवलंय, पैशाचा हिशेबही मांडून दाखवलाय, त्याच्या गळ्यात आपण नंतरच्या बाईचं दुःख बांधतोय.

आता तुम्ही म्हणाल, ठरवलं म्हणून काय झालं, मन बदलतं. बदलतं की. पण मग तसं कुठंतरी दिसायला हवं. आणि इथं मला या सगळ्या गोंधळाचं मूळ सापडलं.

पुस्तकात गोष्ट कोण सांगतंय? अजित. आपण सगळं त्याच्या डोळ्यांनी बघतो, त्यामुळं त्याचे डोळे आपल्याला कधीच दिसत नाहीत. तो खोलीत आहे, पण त्याचा चेहरा नाही. मालिकेत मात्र के. के. रैना नावाचा एक जिवंत माणूस खुर्चीवर बसलाय. ब्योमकेश काहीतरी समजावतोय, सत्यवती ऐकतेय, आणि कॅमेरा अधूनमधून अजितवर जातो. जाणारच, तिघं आहेत खोलीत. रैनांचा चेहरा असा की गप्प बसले तरी काहीतरी मनात चाललंय असं वाटावं. डोळे मऊ, ओठ मिटलेले. आपण घरी बसून त्या गप्प चेहऱ्यात आपल्याला हवं ते ओततो. सांगणारा माणूस कॅमेऱ्यानं बघणाऱ्यांच्या रांगेत आणून बसवला, आणि त्याच्या ऐकण्याला आपण झुरणं म्हणायला लागलो. माझं तर ठाम मत आहे, ही थिअरी पुस्तकातून निघालेलीच नाही, ती टीव्हीच्या काचेवर जन्मलीय.

आता अशा तर्कांचा मला राग आहे असं समजू नका. हा खेळ जुना आहे आणि मनापासून आवडतो मला. शेरलॉक होम्सचंच घ्या. त्याच्या गोष्टी सांगणारा त्याचा मित्र वॉटसन, त्याचं नाव जॉन. एका गोष्टीत त्याचीच बायको त्याला जेम्स म्हणून हाक मारते. लेखकाची साधी चूक. पण डोरोथी सेयर्स या लेखिकेनं तोड काढली: वॉटसनच्या नावात मधे जो 'एच' आहे तो हॅमिश असणार, हॅमिश म्हणजे स्कॉटिश लोकांचा जेम्स, म्हणजे बायको लाडानं मधलं नाव घेते. काय सुंदर आहे हे! चुकीतून नवराबायकोची एक खासगी हाक शोधून काढली. १९४१ मध्ये रेक्स स्टाउट या लेखकानं तर वॉटसन ही बाईच होती असं मांडून होम्सभक्तांची झोप उडवली होती. या खेळाचा नियम एकच, जे म्हणाल ते छापलेल्या ओळीवर उभं करून दाखवायचं. सेयर्सबाईंनी ते केलं. अजितवाल्यांनी केलेलं नाही, म्हणून मला ते पटत नाही.

आणि होम्सवरून आठवलं. शरदिंदूंनी इथं एक फार मोठी गोष्ट केलीय, तिच्याकडं कुणी बघतच नाही. होम्सच्या गोष्टींत लग्न कुणाचं होतं? वॉटसनचं. सांगणारा संसाराला लागतो, बेकर स्ट्रीटवरचं दोघांचं घर सोडतो, आणि होम्स एकटा राहतो. बुद्धिमान माणसाला घर नको, बायको नको, अशी ती कल्पना. शरदिंदूंनी पाट फिरवले. लग्न सत्यान्वेष्याचं लावलं. त्याला बायको दिली, पोरगं दिलं, आजारपण दिलं, पथ्यपाणी दिलं. आणि सांगणारा एकटा ठेवला. पण त्याला घराबाहेर नाही काढलं! हा खरा बदल. ब्योमकेशचं लग्न झालं म्हणून अजितनं सामान बांधलं, असं होत नाही.

'चित्रचोर' वाचा. ब्योमकेश मोठ्या आजारातून उठलाय, हवापालटासाठी तिघं संथाळ परगण्यातल्या एका गावी गेलेत. तिघं. नवराबायको हवापालटाला जातात आणि मित्र बरोबर जातो, आणि त्यात कुणालाही काही वावगं वाटत नाही. तिथं ब्योमकेश एका मुलीविषयी जरा जास्तच बोलतो, सत्यवती रुसते, घरात धुसफूस सुरू. अजित दोघांच्या मध्ये. दोघांची भांडणं ज्याच्या देखत होऊ शकतात असा तो माणूस आहे. आपल्या घरी पाहुणा आला की आपण भांडण गिळतो, आतल्या खोलीत जाऊन कुजबुजतो. सत्यवती अजितसमोर रुसते. तिच्या लेखी तो पाहुणा नाही, एवढं मला त्यातून कळतं.

दुसरी एक थिअरी आहे, अजितचं प्रेम ब्योमकेशवरच होतं. काही लोक ऐकूनच हसतात. मी हसत नाही. पहिल्या थिअरीपेक्षा ही मला जास्त प्रामाणिक वाटते, कारण ती निदान अजित खरोखर कुणाकडं बघतोय ते तरी बघते. पानापानावर तो ब्योमकेशकडंच बघतोय. त्याचं बोलणं, त्याचं गप्प होणं, सगळं टिपतोय. त्याला काय नाव द्यायचं ते गोष्ट सांगत नाही. मी पण देत नाही.

आणि शेवटच्या गोष्टींत अजित सांगणारा उरत नाही, म्हणून दोघांचं बिनसलं असंही कुणी कुणी म्हणतं. 'वेणीसंहार'च्या सुरुवातीला लेखकानं स्वतःच खुलासा केलाय: अजितची भाषा जुन्या वळणाची राहिली, आणि तो आता पुस्तकांच्या धंद्यात गुंतलाय. बिनसलंबिनसलं काही नाही. विषय संपला.

आता मी चिडते का, ते.

माझ्या वडिलांचा इथंच खाली छोटा छापखाना होता. खिळ्यांचा. आणि वडिलांचे एक मित्र होते, आम्ही त्यांना आप्पाकाका म्हणायचो. ते प्रुफं तपासायचे. मी ज्या माडीवर बसून बोलतेय ना, ती त्यांची. लग्न केलेलं नव्हतं. सकाळी खाली उतरायचे, आमच्यात जेवायचे, संध्याकाळी रंकाळ्याला एक फेरी, परत वर. तुळशीचं लग्न झालं की लग्नपत्रिकांचा हंगाम. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' अशा शेकडो पत्रिका त्यांच्या हाताखालून जायच्या. लाल शाईचा टाक, बोटाच्या पेरावर कायमचा लाल डाग, आणि ओठ हलवत एकेक अक्षर वाचायचे. चिरंजीव, चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी, सगळ्या गावाची लग्नं त्यांनी शुद्ध करून दिली. मी शेजारी बसून रद्दी कागदावर चित्रं काढायची.

आणि लोक बोलायचे. आईबद्दल. काकांबद्दल. तोच खाली आलेला आवाज, त्याच वर गेलेल्या भुवया. मला तेव्हा अर्थ कळत नव्हता. पण नळावर आईला बघून बायका गप्प व्हायच्या, ते कळायचं. एकदा भिशीच्या दिवशी कुणीतरी तोंडावरच विचारलं, "ह्ये तुमचं कोण लागत्यात?" आई घागर कमरेवर घेऊन सरळ घरी आली. त्या दिवशी तिनं पोळ्या लाटल्या त्या सगळ्या कडेला फाटत होत्या. काकांनी त्या निमूट खाल्ल्या. वडिलांनी पण.

म्हणून अजितचं नाव घेऊन कुणी भुवया उचलल्या की मला त्या घागरीचं ओझं आठवतं. कादंबरीतल्या माणसाला काही लागत नाही, मान्य. पण प्रश्न तोच आहे, आणि विचारायची पद्धतही तीच.

काका गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शननं ब्योमकेश पुन्हा दाखवला, तेव्हा आई आणि मी दोघीच होतो घरात. सकाळचं आवरून ती टीव्हीसमोर बसायची, मांडीवर तांदळाचं ताट, निवडणं चालूच. तिला खून कुणी केला याच्याशी देणंघेणं नाही. मीच एक दिवस मुद्दाम विचारलं. म्हटलं, "आई, लोक म्हणतात त्या अजितचं सत्यवतीवर प्रेम होतं. तुला काय वाटतं?"

तिनं तांदळातला खडा काढला, बाजूला ठेवला. मान वर न करता म्हणाली, "तिनं कधी इचारलं का गं, च्या किती कप टाकू म्हणून?"

मी म्हटलं, "नाही."

"मग झालं," म्हणाली, आणि ताट हलवून पुढचे तांदूळ निवडायला घेतले.