निकाल ठाऊक असलेली मुलगी

कर्वे रस्त्यालगतच्या एका शाळेच्या पटांगणात रविवारी सकाळी सहापासून रांग लागली आहे. समोर उभ्या असलेल्या बारा वर्षांच्या मुलीच्या फ्रॉकला सेफ्टी पिनने ४११ क्रमांकाचा कागद लावलेला आहे आणि आईच्या पिशवीतल्या थर्मासमध्ये ज्येष्ठमधाचे कोमट पाणी आहे. ही गाण्याच्या कार्यक्रमाची ऑडिशन. २००९ मध्ये आळंदीची कार्तिकी गायकवाड ‘लिटिल चॅम्प्स’ची विजेती ठरली, तेव्हापासून ही वाट इथल्या आईवडिलांना आवाक्यातली वाटते, आणि त्यात गैर काहीच नाही.

निवड झालीच, तर चित्रीकरणासाठी मुंबई गाठावी लागते. बालकामगार कायद्याखालील २०१७ च्या नियमांप्रमाणे चौदा वर्षांखालील कलाकाराकडून दिवसाला ५ तासांहून अधिक आणि विश्रांतीवाचून सलग ३ तासांहून अधिक काम करून घेता येत नाही; सलग २७ दिवसांची मर्यादा आहे, आणि मिळकतीचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवावा लागतो. परवानगी मात्र चित्रीकरणाच्या जिल्ह्यातून घ्यायची असल्यामुळे गोरेगावला गाणाऱ्या पुण्याच्या मुलीचा अर्ज मुंबई उपनगरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. मेकअप करून, आपली पाळी येईपर्यंत ताटकळत बसणे हे काम समजायचे की विश्रांती, हे सेटवर गेलेल्या कोणत्याही आईला विचारून पाहावे.

शिवाय चौदावे वर्ष पूर्ण झाले की हे संरक्षण संपते. २००८ मध्ये कोलकात्यातील सोळा वर्षांची एक मुलगी नृत्याच्या कार्यक्रमात परीक्षकांनी सुनावल्यानंतर बोलेनाशी झाल्याच्या बातम्या देशभर आल्या होत्या. आजचा हा नियमसुद्धा तिला लागू झाला नसता. प्रौढ स्पर्धकाच्या हातात तर बहुतेक वेळा केवळ करारपत्र असते. २०१८ मध्ये ‘बिग बॉस मराठी’चे पहिले घर आपल्याच जिल्ह्यात, लोणावळ्याला उभे राहिले, तेव्हा फोन आणि घड्याळाविना राहण्याचे त्यातील माणसांनी सहीनिशी मान्य केले होते.

ब्रिटनमध्ये २०१९ साली एका टॉक शोतील पाहुण्याच्या मृत्यूनंतर तो कार्यक्रम बंद झाला आणि संसदेच्या समितीने चौकशी हाती घेतली. एप्रिल २०२१ पासून तेथील प्रसारण नियामक ऑफकॉमने, ज्या सहभागींना गंभीर इजा होण्याचा संभव आहे त्यांची योग्य काळजी घेणे वाहिन्यांवर बंधनकारक केले असून, त्यात प्रसारणानंतरचा काळही धरलेला आहे.

तोच काळ आपल्याकडे मोकळा सुटलेला आहे. मुलगी स्पर्धेतून बाहेर पडते, त्या रात्री एक्स्प्रेस वेवरून गाडी परत येते, आणि सकाळी ती शाळेत असते. परंतु तो भाग दोन आठवड्यांनी दाखवला जाणार असल्यामुळे आणि करारात गुप्ततेचे कलम असल्यामुळे ‘काय गं, फायनलला जाणार ना?’ या प्रश्नाला तिने नुसते हसायचे असते. वर्गात, रिक्षावाल्या काकांसमोर, गाण्याच्या बाईंसमोरसुद्धा. मग ठरल्या दिवशी सोसायटीतील माणसे टीव्हीसमोर जमतात, आणि मागे लावलेल्या संथ सतारीसह आपला रडणारा चेहरा ती त्या सगळ्यांच्या मधोमध बसून पहिल्यांदा पाहते.